जोडलेले उपकरण संगणक कसे ओळखतो: यूएसबीच्या विनंत्या आणि डिस्क्रिप्टर, पायरीपायरीने

जुलै महिन्यात पीक विम्याची मुदत जवळ आली की जालना, परभणी, बीडकडच्या सेवा केंद्रांपुढे सकाळी आठलाच रांग लागते, आणि नेमक्या त्याच दिवशी केंद्र चालवणाऱ्या एखाद्या मुलाचा फोन येतो, ‘सर, अंगठ्याचं मशीन घेईना गेलंय.’ या ‘घेईना’त किमान चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. कधी मशीन जोडल्याचा संगणकाला पत्ताच लागलेला नसतो. कधी पत्ता लागतो, पण ते कोण आहे हे कळत नाही. कधी तेही कळते, पण त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, सापडत नाही. आणि कधी हे सगळे जुळूनही वरचा प्रोग्रॅम अडून बसतो. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीचे काम करताना हा फरक माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली, कारण यूएसबीची पिन बसवल्यापासून संगणकाचा आवाज येईपर्यंत त्या तारेतून काय बोलणे होते हे मला कुणी समजावून सांगितले नव्हते. ते बोलणे समजले, की कोणत्या प्रश्नाचे उत्तर अडले हे शोधता येते आणि चांगले मशीन दुरुस्तीला पाठवण्याची वेळ येत नाही. हा लेख त्याच बोलण्याची, पहिल्या क्षणापासूनची ओळख करून देतो. उदाहरणासाठी साधा तारेचा माउस घेतला आहे, कारण तो प्रत्येकाकडे असतो आणि त्याची उत्तरे सर्वांत आटोपशीर असतात.

आधी दोन नियम पक्के करावेत

पहिला नियम असा, की या संभाषणात प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त संगणकाला असतो. त्याला होस्ट म्हणतात. माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम, अंगठ्याचे मशीन ही सगळी डिव्हाइस. डिव्हाइस आपण होऊन एक अक्षरही बोलत नाही. माउस हलवला तरी तो संगणकाला हाक मारत नाही. संगणकच ठरावीक वेळाने ‘काही हालचाल झाली का?’ असे विचारत राहतो आणि माउस तेव्हाच सांगतो.

दुसरा नियम असा, की उत्तर मोकळ्या वाक्यांत देता येत नाही. ते छापील नमुन्यात भरूनच द्यावे लागते, आणि या नमुन्याला डिस्क्रिप्टर म्हणतात. सातबारा वाचता येणाऱ्याला ही कल्पना नवी नाही. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची हे कळते, गाव नमुना बारामध्ये तिच्यात पीक कोणते हे कळते, आणि कोणता रकाना कुठे असणार हे आधीच ठरलेले असल्यामुळे लातूरचा उतारा नांदेडचा माणूसही न अडखळता वाचतो. डिस्क्रिप्टरचेही तसेच आहे. कितव्या बाइटमध्ये (बाइट म्हणजे आठ बिटांचा, अर्थात आठ शून्य-एकांचा, गट) काय लिहायचे हे ठरलेले आहे, म्हणून कोणत्याही देशात तयार झालेले उपकरण कोणत्याही संगणकाला वाचता येते.

ही शिस्त फार जुनी नाही. यूएसबीची १.० ही पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. त्यापूर्वी माउस, प्रिंटर आणि मोडेम यांची भोके वेगळी असत, नवे कार्ड बसवताना जंपर, म्हणजे पिनांवरच्या छोट्या टोप्या, हलवावे लागत आणि दोन उपकरणांनी एकच इंटरप्ट क्रमांक (काम थांबवून संगणकाचे लक्ष वेधण्याचा क्रमांक) मागितला तर दोन्ही बंद पडत. उपकरणाने स्वतःची ओळख स्वतः द्यावी ही कल्पना त्या जाचातून आली. ती प्रत्यक्षात आणणाऱ्या इंटेलमधील चमूत अजय भट्ट हे प्रमुख होते, आणि त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालेले आहे. सर्वत्र रुजलेली २.० आवृत्ती एप्रिल २००० ची आहे. पुढे वेग कितीतरी वाढले, पिनांचे आकार बदलले, टाइप-सी आले, तरी या लेखात सांगितलेली प्रश्नोत्तरे आजही जवळजवळ त्याच रूपात चालतात.

पायरी पहिली: बोलणे सुरू होण्यापूर्वी

जुन्या यूएसबी तारेत चार वाहक असतात. लाल तार ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची, आणि हिरवी व पांढरी या डेटाच्या. पिनेकडे निरखून पाहिले तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोन पट्ट्यांपेक्षा किंचित लांब दिसतात. विजेची जोडणी आधी व्हावी आणि डेटाची नंतर, यासाठी ही तजवीज असते. वीज मिळाली की डिव्हाइस डेटाच्या एका तारेला १.५ किलोओहमच्या रोधकातून वर ओढते. हिरवी तार वर ओढली गेली तर डिव्हाइस सेकंदाला १.२ कोटी बिट या वेगाचे किंवा त्याहून वेगवान आहे असे समजले जाते, आणि पांढरी ओढली गेली तर ते १५ लाख बिट या मंद गटातले. आपला माउस बहुधा या दुसऱ्या गटात असतो.

‘कुणीतरी आले आहे’ हे होस्टला एवढ्यावरून कळते. पिन बसताना थरथरते, म्हणून होस्ट १०० मिलिसेकंद थांबतो, आणि मग दोन्ही डेटा तारा काही काळ खाली धरून डिव्हाइसला रीसेट करतो. रीसेट झालेले डिव्हाइस शून्य या पत्त्यावर उत्तर द्यायला तयार होते.

इथेच एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्यांत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने मोबाइल जोडला तर तो चार्ज होईल, पण वरचा रोधक होस्टला कधीच दिसणार नाही, आणि संगणक अजिबात आवाज करणार नाही. संगणकाने चकार शब्द काढला नाही, तर ड्रायव्हर शोधत बसू नये. आधी केबल बदलावी.

पायरी दुसरी: आठ बाइटांचा प्रश्न

आता पहिला खरा प्रश्न येतो. होस्टची प्रत्येक विनंती बरोबर आठ बाइटांची असते, एक कमी नाही की एक जास्त नाही. हे बाइट हेक्स पद्धतीने लिहितात. हेक्स म्हणजे सोळावर आधारलेली अंकलेखनाची रीत; तिच्यात ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ असे आणखी सहा अंक येतात. त्यामुळे हेक्समधले १२ म्हणजे एकदा सोळा अधिक दोन, अर्थात आपले १८. ‘तू कोण आहेस ते सांग’ हा प्रश्न हेक्समध्ये असा दिसतो:

८० ०६ ०० ०१ ०० ०० १२ ००

ही ओळ नवख्याला आकड्यांचा गुंता वाटते, पण ती एकदा फोडून पाहिली की पुढच्या सगळ्या विनंत्या वाचता येतात, म्हणून इथे थोडे रेंगाळणे योग्य.

पहिला बाइट ८० हा पाकिटावरच्या पत्त्यासारखा आहे. त्याच्या आठ बिटांपैकी सर्वांत वरचा बिट दिशा सांगतो. तो १ असेल तर माहिती डिव्हाइसकडून होस्टकडे यायची आहे. त्याखालचे दोन बिट विनंतीची जात सांगतात: शून्य असेल तर ती सर्व डिव्हाइसांना लागू असलेली प्रमाणित विनंती, १ असेल तर एखाद्या वर्गापुरती, २ असेल तर त्या उत्पादकापुरती. उरलेले पाच बिट विनंती कुणासाठी आहे ते सांगतात: शून्य म्हणजे संपूर्ण डिव्हाइस, १ म्हणजे त्यातला एखादा इंटरफेस (डिव्हाइसचे एक काम), २ म्हणजे एखादा एंडपॉइंट (माहिती ये-जा करण्याचे एक दार). तेव्हा ८० चा अर्थ ‘प्रमाणित विनंती, संपूर्ण डिव्हाइसला, आणि उत्तर मला हवे आहे’ असा झाला.

दुसरा बाइट ०६ हे विनंतीचे नाव आहे, ‘गेट डिस्क्रिप्टर’. यूएसबी २.० मध्ये अशा प्रमाणित विनंत्या अवघ्या ११ आहेत, आणि रोजच्या कामात त्यांपैकी तीनच वारंवार भेटतात: ०५ म्हणजे पत्ता देणे, ०६ म्हणजे डिस्क्रिप्टर मागणे आणि ०९ म्हणजे कॉन्फिगरेशन, अर्थात डिव्हाइस चालवण्याची मांडणी, निवडणे.

तिसरा आणि चौथा बाइट मिळून एक संख्या होते. यूएसबीमध्ये दोन बाइटांच्या संख्येतला लहान भाग आधी लिहिला जातो, म्हणून तारेवरचे ०० ०१ हे प्रत्यक्षात ०१०० असे वाचायचे. यातला वरचा ०१ म्हणजे डिव्हाइस डिस्क्रिप्टर हा नमुना, आणि खालचा ०० म्हणजे त्याची पहिली प्रत. पाचवा आणि सहावा बाइट इथे रिकामा आहे. त्यांचे काम पुढे मजकूर मागताना येईल. शेवटचे दोन, १२ ००, म्हणजे ००१२: ‘मला १८ बाइटपर्यंत उत्तर चालेल.’

उत्तर आले की होस्ट उलट दिशेने एक रिकामे पाकीट पाठवून पोच देतो, आणि व्यवहार पुरा होतो. म्हणजे विनंती, माहिती आणि पोच असे तीन टप्पे. माहिती पाठवायची नसेल तर मधला टप्पा गाळला जातो. डिव्हाइसला विनंती कळली नाही किंवा ती मान्य नसेल, तर ते ‘स्टॉल’ असा नकार देते. नोंदींमध्ये स्टॉल दिसला की नवी मुले घाबरतात, पण बऱ्याचदा तो रीतसर नकार असतो. उदाहरणार्थ, १.२ कोटी बिटांहून वेगवान अशा गटात न बसणाऱ्या डिव्हाइसला त्या गटासंबंधीचा एक विशिष्ट डिस्क्रिप्टर मागितला, तर त्याने स्टॉल द्यायचा असाच नियम आहे.

पायरी तिसरी: अठरा बाइटांचा उतारा

माउसकडून येणारे उत्तर पाहू. बाजारात सर्रास मिळणाऱ्या लॉजिटेकच्या एका साध्या माउसचा डिव्हाइस डिस्क्रिप्टर असा असतो:

१२ ०१ ०० ०२ ०० ०० ०० ०८ ६डी ०४ ७७ सी० ०० ७२ ०१ ०२ ०० ०१

पहिला बाइट स्वतःची लांबी सांगतो, १८. दुसरा नमुन्याचा प्रकार सांगतो, ०१. प्रत्येक डिस्क्रिप्टरची सुरुवात याच दोन बाइटांनी होते, आणि त्यामुळे एखादा प्रकार होस्टला अनोळखी असला तरी लांबी वाचून तो त्याला ओलांडून पुढे जाऊ शकतो. पुढचे दोन बाइट म्हणजे यूएसबीची आवृत्ती, २.००. त्यानंतरची तीन शून्ये वर्ग, उपवर्ग आणि प्रोटोकॉल या रकान्यांतली आहेत. इथे शून्य लिहिले याचा अर्थ ‘मी काय काम करतो ते पुढे इंटरफेसच्या नमुन्यात पाहा’ असा होतो.

आठवा बाइट ०८ महत्त्वाचा आहे. एका खेपेत डिव्हाइस किती बाइट देऊ शकते ते तो सांगतो, आणि तिथे ८, १६, ३२ किंवा ६४ यांपैकीच आकडा असतो. होस्टला हा आकडा आधी माहीत नसतो, पण सर्वांत लहान खेप आठची असल्याने पहिल्या खेपेतच तो हाती येतो. नमुना आखणाऱ्यांनी हा रकाना नेमका आठव्या जागी ठेवला, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

६डी ०४ उलटवून वाचले की ०४६डी होते, आणि हा लॉजिटेकला मिळालेला उत्पादक क्रमांक आहे. ७७ सी० म्हणजे सी०७७, हा त्या कंपनीने आपल्या मॉडेलला दिलेला क्रमांक. उत्पादक क्रमांक जगभरासाठी एकाच संस्थेकडून वाटले जातात, मॉडेलचा क्रमांक ज्याचा त्याने ठरवायचा. ड्रायव्हर शोधताना संगणक याच जोडीवर विसंबतो. पुढचे ०० ७२ ही मॉडेलची आवृत्ती. त्यापुढचे ०१, ०२ आणि ०० हे अनुक्रमे उत्पादकाचे नाव, वस्तूचे नाव आणि अनुक्रमांक कोणत्या क्रमांकाच्या मजकुरात सापडतील ते सांगतात. इथे अनुक्रमांकाच्या जागी शून्य आहे, म्हणजे या माउसला स्वतःचा अनुक्रमांक नाही. शेवटचा ०१ म्हणजे कॉन्फिगरेशन एकच आहे.

अनुक्रमांक नसण्याचा परिणाम सेवा केंद्रात रोज दिसतो. ज्या डिव्हाइसला अनुक्रमांक नाही ते दुसऱ्या भोकात घातले, की विंडोज त्याला नवाच पाहुणा समजते आणि ड्रायव्हर पुन्हा बसवायला घेते. गर्दीच्या वेळी हा खोळंबा नको असेल तर प्रत्येक मशीनचे भोक ठरवून त्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

पायरी चौथी: पत्ता

शून्य हा पत्ता नव्या येणाऱ्यांसाठी राखीव असल्याने तिथे कुणाला मुक्काम करता येत नाही. होस्ट ०० ०५ ०७ ०० ०० ०० ०० ०० अशी विनंती पाठवतो, म्हणजे ‘आजपासून तुझा पत्ता ७.’ पहिला बाइट ०० आहे, कारण इथे डिव्हाइसने काही सांगायचे नाही, फक्त ऐकायचे. यातली खुबी अशी, की डिव्हाइसने पोच जुन्याच पत्त्यावरून द्यायची आणि नंतरच नवा पत्ता धारण करायचा. पत्त्याला सात बिट असतात, त्यामुळे एका होस्टच्या एका शाखेवर जास्तीत जास्त १२७ डिव्हाइस बसू शकतात, आणि त्यांत हब, म्हणजे एका भोकाची अनेक भोके करणारे डबे, हेही मोजले जातात. नव्या पत्त्यावर होस्ट १८ बाइटांचा डिस्क्रिप्टर पुन्हा, आणि आता पूर्ण, मागून घेतो.

पायरी पाचवी: काम काय आणि वीज किती

आता कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टर मागितला जातो. तो नऊ बाइटांचा असतो, पण त्याच्यामागे इंटरफेस आणि एंडपॉइंट यांचे नमुने साखळीसारखे जोडलेले असतात. एकूण साखळी किती लांब आहे हे होस्टला ठाऊक नसते, म्हणून तो आधी नऊच बाइट मागतो, त्यांतला एकूण लांबीचा रकाना वाचतो आणि मग पूर्ण साखळी मागवतो. माउसचे पहिले नऊ बाइट साधारण असे असतात:

०९ ०२ २२ ०० ०१ ०१ ०० ए० ३२

२२ ०० म्हणजे हेक्स २२, आपले ३४. हिशेब जुळवून पाहता येतो: कॉन्फिगरेशनचे ९, इंटरफेसचे ९, माउस-कीबोर्ड वर्गाच्या खास नमुन्याचे ९ आणि एंडपॉइंटचे ७. पुढच्या आकड्यांनुसार इंटरफेस एक आहे आणि या कॉन्फिगरेशनचा क्रमांक १ आहे. ए० मधून दोन गोष्टी कळतात: वीज केबलमधूनच घेतली जाते, आणि झोपलेल्या संगणकाला हा माउस जागा करू शकतो. शेवटचा बाइट ३२ म्हणजे आपले ५०, पण हा रकाना दोन-दोन मिलिअँपिअरच्या मापाने भरायचा असतो, म्हणून प्रत्यक्ष मागणी १०० मिलिअँपिअरची.

विजेच्या या रकान्याकडे आपल्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. यूएसबी २.० मध्ये एका डिव्हाइसला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मागता येतात, आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब आपल्या प्रत्येक भोकाला १०० च देऊ शकतो. अशा हबवर ५०० मागणारे उपकरण लावले, तर संगणकाची प्रणाली (विंडोज किंवा लिनक्स) त्याचा डिस्क्रिप्टर वाचते, मागणी बघते आणि ते चालू करायला नकार देते. तेच उपकरण थेट संगणकाच्या मागच्या भोकात लावले की चालते. मालक म्हणतो हब खराब आहे. खरे तर हबने नियमच पाळलेला असतो.

इंटरफेसच्या नमुन्यात वर्ग, उपवर्ग आणि प्रोटोकॉल हे रकाने पुन्हा येतात आणि माउस तिथे ०३ ०१ ०२ असे भरतो. ०३ म्हणजे माणसाच्या हातात राहणारी उपकरणे, ०१ म्हणजे प्रणाली सुरू होण्याआधीही चालेल असे, ०२ म्हणजे माउस. कीबोर्ड असता तर शेवटी ०१ आला असता. प्रिंटरचा वर्ग ०७, पेनड्राइव्हसारख्या साठवणुकीचा ०८, हबचा ०९. एफएफ हा आकडा दिसला तर ‘माझे काम कोणत्याही ठरलेल्या वर्गात बसत नाही, माझ्या कंपनीचा ड्रायव्हर आणा’ असे समजावे. नवी प्रणाली टाकल्यावर माउस लगेच चालतो आणि एखादे यंत्र मात्र ड्रायव्हरशिवाय हलत नाही, त्याचे उत्तर बहुतेक वेळा याच रकान्यात असते.

एंडपॉइंटचा नमुना सात बाइटांचा: ०७ ०५ ८१ ०३ ०४ ०० ०ए. यातला ८१ म्हणजे १ क्रमांकाचे दार, आत येणारे. आत म्हणजे होस्टच्या आत. यूएसबीत दिशा नेहमी होस्टच्या बाजूने मोजतात. ०३ म्हणजे ‘इंटरप्ट’ प्रकारची देवाणघेवाण, एका वेळी जास्तीत जास्त ४ बाइट, आणि ०ए म्हणजे दर १० मिलिसेकंदांच्या आत एकदा विचारा. नाव इंटरप्ट असले तरी पहिला नियम इथेही मोडत नाही, डिव्हाइस कुणाच्या बोलण्यात तोंड घालत नाही.

पायरी सहावी: नावे, आणि मराठीचा रकाना

नावे मागण्यापूर्वी होस्ट ‘तुला कोणत्या भाषा येतात’ असे विचारतो. बहुतेक उपकरणे ०४ ०३ ०९ ०४ असे उत्तर देतात. त्यातले ०४०९ म्हणजे अमेरिकी इंग्रजी. मग होस्ट त्या भाषेतला दुसरा मजकूर मागतो आणि पडद्यावर नाव उमटते. विनंतीतला पाचवा आणि सहावा बाइट भाषेचा क्रमांक सांगण्यासाठी वापरला जातो तो इथेच.

भाषांच्या या यादीत मराठीलाही क्रमांक आहे: ०४४ई. मजकूर दोन बाइटांच्या युनिकोडमध्ये लिहायचा असल्याने देवनागरीला कसलीच आडकाठी नाही. ‘माउस’ हा शब्द डिस्क्रिप्टरमध्ये लिहायचा तर तो असा होईल:

०ए ०३ २ई ०९ ३ई ०९ ०९ ०९ ३८ ०९

लांबी १०, प्रकार ०३, आणि मग म, काना, उ, स. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण काना वेगळा मोजला जातो, म्हणून चार घटकांचे आठ बाइट. सोय इतक्या वर्षांपासून उपलब्ध आहे, पण मराठी उत्तर देणारे उपकरण माझ्या टेबलावर अजून आलेले नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून एखाद्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर हे करून पाहावे. एका संध्याकाळचे काम आहे.

पायरी सातवी: निवड

शेवटी होस्ट ०० ०९ ०१ ०० ०० ०० ०० ०० ही विनंती पाठवतो, ‘कॉन्फिगरेशन १ चालू कर.’ या क्षणापर्यंत डिव्हाइसला १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज घेण्याची मुभा नव्हती. आता ते जाहीर केलेली वीज घेऊ शकते आणि त्याची दारे उघडतात.

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. होस्ट या सगळ्यात डिव्हाइसच्या शब्दावर विश्वास ठेवतो. आकाराने पेनड्राइव्ह असलेली वस्तू आपल्या डिस्क्रिप्टरमध्ये ‘मी कीबोर्ड आहे’ असे लिहू शकते आणि संगणक तिने दाबलेली बटणे खरी मानतो. २०१४ मध्ये बॅडयूएसबी या नावाने संशोधकांनी हे जाहीरपणे करून दाखवले. सेवा केंद्रात ‘एवढी प्रिंट काढा’ म्हणून दिवसाला दहा अनोळखी पेनड्राइव्ह हातात पडतात. लोकांच्या आधारची माहिती ज्या संगणकावर असते, त्यात त्या लावू नयेत. प्रिंटसाठी जुना का होईना, वेगळा संगणक ठेवावा.

आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडावे, ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’खालच्या ‘यूएसबी इनपुट डिव्हाइस’ या नोंदीवर दोनदा क्लिक करावे, ‘डिटेल्स’ या पानावर जाऊन यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी या अक्षरांपुढे उत्पादक व मॉडेलचे क्रमांक दिसतील. त्याच यादीत ‘कम्पॅटिबल आयडीज’ निवडले की क्लास, सबक्लास आणि प्रोटोकॉल यांचे तीन आकडे दिसतील. वर वाचलेले ०३, ०१, ०२ तिथे भेटले म्हणजे डिस्क्रिप्टर वाचला गेला याचा पुरावा हाती आला.

लिनक्समध्ये अधिक खोलवर जाता येते. टर्मिनलमध्ये एल, एस, यू, एस, बी ही पाच लहान इंग्रजी अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबले की जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी मिळते. त्याच आज्ञेपुढे एक जागा सोडून उणे चिन्ह आणि व्ही जोडले, तर प्रत्येक डिस्क्रिप्टरचा रकाना न् रकाना नावासह छापून येतो. त्यासाठी आज्ञेआधी सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारा शब्द) लावलेले बरे. संभाषण प्रत्यक्ष घडताना पाहायचे असेल तर वायरशार्क हा मोफत प्रोग्रॅम यूएसबीवरची विनंत्यांची ये-जाही पकडतो, आणि त्यात आपण फोडलेले ८० ०६ ०० ०१ हे आकडे जसेच्या तसे सापडतात.

कोणता प्रश्न अडला हे ओळखणे

आता सुरुवातीच्या त्या फोनकडे वळतो. अंगठ्याचे मशीन लावल्यावर आवाज नाही आणि यादीतही काही बदल नाही, तर अडचण पहिल्या पायरीवर आहे: केबल, भोक किंवा तुटलेली डेटा तार.

आवाज येतो, पण ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असे लिहून येते आणि सोबत कोड ४३ दिसतो, तर रोधक दिसला, रीसेट झाला, पण १८ बाइटांचे उत्तर धड आले नाही. लिनक्सच्या नोंदीत याच ठिकाणी ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४’ अशी तक्रार असते. तो ६४ म्हणजे पहिल्या प्रयत्नात मागितलेल्या बाइटांचा आकडा. पुढे उणे ७१ असेल तर उत्तर आले पण विस्कटलेले आले, उणे ११० असेल तर वाट पाहून वेळ संपली. या टप्प्यावर ड्रायव्हर कितीही वेळा काढून बसवला तरी उपयोग नसतो, कारण कोणता ड्रायव्हर हवा हे ठरवणारे क्रमांकच अजून मिळालेले नसतात.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका केंद्रात काउंटरवर काच बसवल्यामुळे मशीन खिडकीपर्यंत पोहोचेना, म्हणून तीन मीटरची पातळ एक्स्टेन्शन केबल जोडली होती. कोड ४३ येत होता. मी ड्रायव्हर तीन वेळा बसवला, मशीन मेले असे ठरवले आणि कुरिअरने छत्रपती संभाजीनगरला पाठवून दिले. पंधरा दिवसांनी ते ‘दोष आढळला नाही’ अशा चिठ्ठीसह परत आले. तोपर्यंत ई-केवायसीसाठी आलेल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारच्या गावी हेलपाटे घालावे लागले. एक्स्टेन्शन काढताच मशीन पहिल्या झटक्यात चालले. २.० च्या प्रमाणकात केबलची कमाल लांबी साधारण पाच मीटर धरलेली आहे, आणि टोकाला टोक जोडून वाढवण्याची केबल तर त्या प्रमाणकाला मान्यच नाही. पातळ तारेत व्होल्टेज पडते आणि जोडावर संकेत विस्कटतो. अंतर वाढवायचेच असेल तर मध्ये अडॅप्टरवर चालणारा हब घालावा.

नाव नीट दिसते, क्रमांकही दिसतात, पण पिवळे चिन्ह आणि कोड २८ आहे, तर सगळी प्रश्नोत्तरे सुरळीत झाली आहेत आणि फक्त ड्रायव्हर बसवलेला नाही. तेव्हाच उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आणण्याचा अर्थ आहे. आणि पिवळे चिन्ह नाही, डिव्हाइस मॅनेजर स्वच्छ आहे, तरीही आरडी सर्व्हिस (मशीनकडून अंगठ्याचा ठसा घेणारा प्रोग्रॅम) ‘डिव्हाइस नॉट रेडी’ म्हणत असेल, तर यूएसबीचे काम पूर्ण झालेले आहे. अडचण त्या सेवेत, तिच्या नोंदणीत किंवा इंटरनेटमध्ये शोधावी, केबलला हात लावू नये.

सरावासाठी आज रात्री एवढेच करावे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये सुडोनंतर डी, एम, ई, एस, जी ही अक्षरे, मग एक जागा, उणे चिन्ह आणि डब्ल्यू अशी आज्ञा देऊन नोंदी चालू ठेवाव्यात, आपलीच एखादी पेनड्राइव्ह लावावी आणि उमटणाऱ्या ओळींमध्ये मिळालेला पत्ता, उत्पादक क्रमांक, मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक वहीत उतरवून घ्यावेत. नंतर सविस्तर यादी काढून तिच्या इंटरफेसचे तीन रकाने पाहावेत. तिथे हेक्समध्ये ०८, ०६ आणि ५० दिसले, तर ती पेनड्राइव्ह आपण पेनड्राइव्हच आहोत असे सांगत आहे. त्यांच्या जोडीला कुठे ०३ वर्गाचा आणखी एक इंटरफेस दिसला, तर ती ताबडतोब काढून घ्यावी.